गल्लीतले दुकान आणि गिऱ्हाइकाच्या हातातला मोबाइल

वाणसामानाची यादी हातात घेऊन दुकानाची पायरी चढणारे गिऱ्हाईक आता अनेकदा ती यादी मोबाइलवरून पाठवते आणि पैसेही मोबाइलवरूनच चुकते करते. हा बदल अवघ्या दशकभरातला आहे. एप्रिल २०१६मध्ये नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनची यूपीआय प्रणाली अवतरली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओच्या आगमनानंतर इंटरनेटचे दर कोसळले आणि नोव्हेंबरमध्ये नोटाबंदी झाली. ऑगस्ट २०२५मध्ये यूपीआयवरील व्यवहारांच्या संख्येने एका महिन्यात २ हजार कोटींचा टप्पा ओलांडला. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत काही मिनिटांत माल घरपोच करणाऱ्या कंपन्याही उभ्या राहिल्या. या परिस्थितीत छोट्या दुकानदाराने काय करावे, याचा हा आढावा.

दुकान सापडले पाहिजे

नव्या वस्तीत राहायला आलेला माणूस शेजाऱ्याला विचारण्याआधी मोबाइलच्या नकाशावर दुकान शोधतो. गुगलवर दुकानाची नोंद विनामूल्य करता येते. दुकानाचे नाव मराठीत व इंग्रजीत, अचूक जागा, दूरध्वनी क्रमांक, साप्ताहिक सुट्टी आणि उघडण्या-मिटण्याच्या वेळा एवढी माहिती त्यात असावी. दिवाळी-गणपतीत वेळा बदलल्या, तर नोंदीतही बदल करावा. बंद दारावरून परतलेले गिऱ्हाईक सहसा पुन्हा फिरकत नाही.

संपर्क हीच पुंजी

जानेवारी २०१८मध्ये भारतात आलेले व्हॉट्सअॅप बिझनेस हे अॅप छोट्या व्यावसायिकांसाठीच बेतलेले आहे. त्यात मालाची छायाचित्रे किमतीसह मांडता येतात आणि दुकान बंद असताना आपोआप उत्तर जाण्याची सोय आहे. एकाच वेळी अनेकांना पाठवलेला यादीवरील संदेश मात्र दुकानाचा क्रमांक ज्यांनी आपल्या मोबाइलमध्ये जतन केला आहे, त्यांनाच पोहोचतो. त्यामुळे पावतीवर व पाटीवर क्रमांक ठळक छापणे आणि गिऱ्हाइकाच्या संमतीनेच संदेश पाठवणे श्रेयस्कर. रोज सकाळी शुभेच्छांची चित्रे पाठवणारे दुकान लवकरच नकोसे होते.

पैसे आले, हे कानांनी ऐकावे

जानेवारी २०२०पासून बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारांवर दुकानदाराला शुल्क द्यावे लागत नाही. फसवणुकीचे प्रकार मात्र ठरावीक आहेत. पैसे पाठवल्याचे बनावट चित्र दाखवले जाते किंवा दुकानाच्या क्यूआर कोडवर दुसराच कोड चिकटवला जातो. यावर उपाय म्हणजे रक्कम मोठ्याने सांगणारा साउंडबॉक्स ठेवणे आणि सकाळी दुकान उघडताच आपला कोड तपासणे. पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, हे दुकानातील नोकरालाही बजावून सांगावे. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तात्काळ तक्रार नोंदवावी.

हिशेबाची शिस्त

जुलै २०२५मध्ये कर्नाटकच्या वाणिज्य कर विभागाने यूपीआयच्या नोंदींवरून छोट्या व्यापाऱ्यांना नोटिसा धाडल्या, तेव्हा बंगळुरूतील अनेक दुकानांवर 'यूपीआय नाही, फक्त रोख' अशा पाट्या झळकल्या. मात्र कर रोख की डिजिटल हे पाहत नाही. तो उलाढाल पाहतो. महाराष्ट्रात केवळ मालाची विक्री करणाऱ्यांना साधारणपणे वार्षिक ४० लाख रुपयांच्या उलाढालीनंतर, तर सेवा पुरवणाऱ्यांना २० लाखांनंतर जीएसटी नोंदणी आवश्यक ठरते. घरगुती उसनवारी व भिशीचे पैसे दुकानाच्याच खात्यात आले, तर तेही विक्रीचे भासू शकतात. म्हणून व्यवसायासाठी स्वतंत्र खाते ठेवावे. डिजिटल मार्गाने आलेल्या पैशांचा एक लाभही आहे. प्राप्तिकराच्या अनुमानित नफा पद्धतीत रोख विक्रीवर किमान ८ टक्के, तर डिजिटल जमेवर ६ टक्के नफा धरला जातो. शिवाय खात्यातील नियमित नोंदी बँकेकडे कर्ज मागताना उपयोगी पडतात.

जे अॅपला जमत नाही

कोणत्या घरी कोणता तांदूळ लागतो आणि कोणाची उधारी पगारापर्यंत थांबवायची, हे गल्लीतल्या दुकानदाराला ठाऊक असते. वयस्कर गिऱ्हाइकांसाठी रोखीचा गल्ला आणि उधारीची वहीही चालू ठेवावी लागेल. मोबाइलमुळे ही ओळख पुसली जाण्याचे कारण नाही; यादी येताच सामान बांधून तासाभरात घरी पोहोचवणाऱ्या दुकानदाराला तिचा उलट अधिकच उपयोग होईल.