चरबीची बाजू

सोनोग्राफीच्या अहवालात ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’ असे आले की घरात पहिली बंदी येते ती तेला-तुपावर. अंगावर चरबी वाढली, ती यकृतात उतरली, तिने इन्सुलिनचे काम बिघडवले. म्हणून चरबी हीच शत्रू आणि अंगाने बारीक तो सुरक्षित, असा हा पूर्वपक्ष आहे. आरोग्य-पुरवण्यांत आणि शिबिरांत तो इतक्या खात्रीने मांडला जातो की पुरावा कोणी मागतच नाही.

आधी पुरावा पाहू. चरबीच मूळ असेल, तर अंगात चरबीच नसलेल्या माणसाचे यकृत सगळ्यांत निरोगी असायला हवे. अशी माणसे आहेत. लिपोडिस्ट्रॉफी या दुर्मीळ आजारात त्वचेखालच्या मेदपेशी जवळजवळ नसतातच. गाल आत गेलेले, दंडाच्या शिरा दोरीसारख्या वर आलेल्या. आणि पोटात? यकृत चरबीने फुगलेले, रक्तातले ट्रायग्लिसराइड भयंकर वाढलेले, ऐन तारुण्यात मधुमेह, आणि तोही इन्सुलिनच्या मोठ्या डोसांना न जुमानणारा. बाहेरून हाडकुळा दिसणारा हा माणूस आतून फॅटी लिव्हरचा सगळ्यांत गंभीर रुग्ण असतो. पूर्वपक्षाला या एका रुग्णाचे उत्तर देता येत नाही.

उत्तर मेदपेशींच्या दुसऱ्या कामात आहे. 1994 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या चमूने लेप्टिन या हार्मोनचे जनुक शोधले, आणि चरबी ही नुसती साठवण नसून हार्मोन तयार करणारे इंद्रिय आहे हे पक्के झाले. पुढच्या दोन वर्षांत मेदपेशींचेच आणखी एक हार्मोन अ‍ॅडिपोनेक्टिन सापडले. लेप्टिन अंगातल्या चरबीबरोबर वाढते, याची चाल उलटी : माणूस लठ्ठ होत जातो तसे रक्तातले अ‍ॅडिपोनेक्टिन घटते. यकृताला मेदाम्ले जाळायला लावणे आणि तिथली साखरेची निर्मिती आवरणे ही त्याची कामे.

2002 मध्ये लिपोडिस्ट्रॉफीच्या रुग्णांना चार महिने लेप्टिन टोचले गेले. ट्रायग्लिसराइड सरासरी 60 टक्क्यांनी उतरले, साखर आटोक्यात आली, यकृताचा आकार घटला. आधी उंदरांवर झालेले काम तर याहून बोलके आहे. चरबी नसलेल्या उंदराच्या अंगात निरोगी उंदराची चरबी बसवली, तेव्हा त्याचा मधुमेह ओसरला आणि यकृत सुधारले. लेप्टिन न बनवणारी चरबी बसवली, तेव्हा काहीच साधले नाही. म्हणजे चरबीने यकृत वाचवले, आणि तेही हार्मोनच्या बळावर. 2007 मध्ये फिलिप शेरर यांच्या चमूने मुळातच लठ्ठ असलेल्या जातीच्या उंदरांत अ‍ॅडिपोनेक्टिन वाढवले. ते उंदीर आणखी प्रचंड लठ्ठ झाले, पण त्यांच्या यकृतातली चरबी घटली आणि इन्सुलिन नीट काम करू लागले. माणसांतही पायोग्लिटाझोन हे मधुमेहाचे औषध घेणाऱ्यांचे वजन बहुधा वाढते, अ‍ॅडिपोनेक्टिन वाढते आणि यकृतातली चरबी मात्र कमी होते.

उलट बाजूने पाहा. 2004 साली अमेरिकेत लठ्ठ स्त्रियांच्या पोटावरची नऊ-दहा किलो चरबी शस्त्रक्रियेने शोषून काढली. काही आठवड्यांनी तपासले, तर इन्सुलिनच्या परिणामात सुधारणा नव्हती. चरबी हीच विषाची पिशवी असती, तर ती काढल्यावर फरक पडायला नको होता का?

यावर आक्षेप येतो : मग वजन उतरवल्यावर फॅटी लिव्हर सुधारते ते कसे? सुधारते, निश्चित सुधारते, आणि ते मी नाकारत नाही. पण त्यात येणारी आवकच घटते, तुडुंब भरलेल्या मेदपेशी मोकळ्या होतात आणि पुन्हा साठवू लागतात. कणगी भरून वाहू लागली की धान्य घरभर सांडते. तिथे दोष कणगीचा नसतो. मेदपेशींनी धरून न ठेवलेली मेदाम्ले रक्तावाटे यकृतात पोचतात. 2005 मधल्या एका मोजणीत फॅटी लिव्हरच्या रुग्णांच्या यकृतातल्या चरबीपैकी सुमारे 59 टक्के याच वाटेने आलेली होती, 26 टक्के यकृताने मुख्यतः साखर-पिष्टापासून स्वतः बनवलेली, आणि ताटातल्या स्निग्धांशातून थेट आलेली जेमतेम 15 टक्के. तुपावरचा राग या आकड्यांपुढे टिकत नाही.

मंडनातही हात आखडता हवा. साध्या लठ्ठपणात लेप्टिन टोचून फारसे हाती लागले नाही, कारण तिथे ते रक्तात मुळातच भरपूर असते आणि मेंदू त्याला दाद देत नाही. अ‍ॅडिपोनेक्टिनही काही अंशी बिघाडाचे कारण नसून खूण असू शकते. एकाच हार्मोनला तारणहार ठरवणे ही पूर्वपक्षाचीच चूक उलटी करून गिरवणे होईल.

आपल्यासाठी हा वाद पुस्तकी नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्याबरोबरचे आपले छायाचित्र 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापले. दोघांचा बीएमआय 22.3, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. वजनकाट्याला हा फरक दिसत नाही. सडपातळ भारतीय पुरुषांच्या यकृतात तितक्याच बांध्याच्या गोऱ्यांपेक्षा चरबी जास्त आढळली आहे, आणि भारतीय वंशाच्या लोकांत अ‍ॅडिपोनेक्टिनही कमी आढळते. म्हणून बारीक माणसाला ‘तुम्हाला कसली काळजी’ म्हणून परत पाठवणे मला गंभीर चूक वाटते. त्याची कंबर मोजावी. पुरुषाची 90 आणि स्त्रीची 80 सेंटिमीटरच्या वर असेल, तर ट्रायग्लिसराइड आणि उपाशीपोटीची साखर पाहावी. आणि भातावरची चमचाभर तुपाची धार तोडण्याआधी दिवसभरातले गोड चहा, बिस्किटे आणि खुर्चीतले तास यांचा हिशेब विचारावा.