एमटीटी चाचणीत पेशी नसतानाही जांभळा रंग का येतो?

मी नामपूरचा. आमच्या मोसम खोऱ्यात डाळिंबाच्या बागा खूप, म्हणून एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला डाळिंबाच्या सालीचा अर्क घेतला. हा अर्क कॅन्सरच्या पेशी कमी करतो का, हे पाहायचं होतं. रीडिंग आलं १२७ टक्के, म्हणजे पेशी उलट वाढल्या! पण चूक अर्काची नव्हती, माझ्या कंट्रोलची होती.

एमटीटी म्हणजे काय?
ही पद्धत मॉसमन यांनी १९८३ मध्ये मांडली. जिवंत पेशी पिवळ्या एमटीटीचं जांभळ्या फॉर्मझानमध्ये रूपांतर करतात. त्याचे खडे डीएमएसओमध्ये विरघळवून ५७० नॅनोमीटरवर रीडिंग घेतात. लक्षात ठेवा, इथे पेशींची संख्या थेट मोजली जात नाही, त्यांची चयापचय क्रिया मोजली जाते.

घोळ कुठे झाला?
डाळिंबाच्या सालीत पॉलिफेनॉल भरपूर असतात. ते पेशींशिवायही एमटीटीला जांभळं करतात. मी फक्त मीडियमचा ब्लँक ठेवला होता. अर्क आहे पण पेशी नाहीत, असा खण ठेवलाच नव्हता.

हिशोब बघा:
- ब्लँक ०.०५
- अर्काविना पेशी ०.८०
- अर्कासह पेशी १.००
- फक्त अर्क ०.३५

साधा ब्लँक वजा केला तर ०.९५ भागिले ०.७५, म्हणजे १२७ टक्के. अर्काचा ब्लँक वजा केला तर ०.६५ भागिले ०.७५, म्हणजे ८७ टक्के. निष्कर्षच उलटला!

उपाय काय?
१. प्रत्येक डोससाठी पेशी नसलेला, फक्त अर्काचा खण ठेवा.
२. पेशी तळाला चिकटणाऱ्या असतील तर अर्क काढून पीबीएसने हलक्या हाताने धुवा, मगच ताज्या मीडियममध्ये एमटीटी घाला.
३. ९६ खणांच्या प्लेटमध्ये कडेचे खण लवकर सुकतात. त्यात नुसतं पीबीएस भरा.
४. खडे पूर्ण विरघळले का, बुडबुडे आहेत का, हे रीडिंगआधी बघा.
५. शंका आली तर ट्रिपॅन ब्लूने पेशी मोजा किंवा एसआरबी चाचणी करा. एसआरबी पेशीतल्या प्रथिनांना रंगवते, त्यामुळे अर्क असा दगा सहसा देत नाही.

पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून पेशी मागवायच्या, त्या वाढवायच्या, यात आठवडे जातात. त्यामुळे पहिल्याच दिवशी पेशींशिवाय अर्क आणि एमटीटी एकत्र करून बघा. जांभळं झालं, तर वेळीच सावध व्हा!