थेंब बुडाला, पण कोणत्या गावात?

रक्तदान शिबिराच्या रांगेतून काही जण नेहमीच परत फिरतात. कोणाचे वय 18 पूर्ण नसते, कोणाचे वजन 45 किलोहून कमी भरते, कोणाचा रक्तदाब वाढलेला असतो. मुली आणि स्त्रिया परततात त्या मात्र बहुधा एकाच कारणाने : हिमोग्लोबिन कमी.

आपल्याकडे रक्तदात्याच्या 100 मिलिलिटर रक्तात किमान 12.5 ग्रॅम हिमोग्लोबिन असावे लागते. ते तपासण्याची एक सोपी रीत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत तयार झाली. 1.053 विशिष्ट गुरुत्वाच्या मोरचुदाच्या द्रावणात रक्ताचा थेंब सोडायचा. तो 15 सेकंदांत बुडाला, तर दाता पात्र.

पण ही चाळणी सगळीकडे एकच गोष्ट सांगते का? याचे उत्तर त्याच्याही आधी मिळू लागले होते. व्हिओ हे फ्रेंच शास्त्रज्ञ 1889 मध्ये पेरू देशात 4000 मीटरहून उंच असलेल्या मोरोकोचा या खाणगावी गेले. तीनेक आठवड्यांत त्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी एका घन मिलिमीटरमागे 50 लाखांवरून 70 लाखांच्या पुढे गेल्या. विरळ हवेत आधी रक्तातील पाणी घटते आणि रक्त दाट होते. पुढे मूत्रपिंडातून एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक जास्त स्रवते आणि अस्थिमज्जा नव्या पेशी बनवते.

म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या 2024 च्या मार्गदर्शनानुसार रक्तक्षय ठरवताना उंचीपोटी काही भाग वजा करतात. सुमारे 3500 मीटरवरच्या लेहमध्ये ही वजाबाकी 2.5 ग्रॅमची आहे. तिथल्या स्त्रीचे 12.5 म्हणजे सखल भागातले 10! स्त्रियांसाठी 12 च्या खाली रक्तक्षय धरतात. म्हणजे थेंब बुडाला तरी रक्तक्षय असू शकतो.

आपल्या मराठवाड्यातही थोडा फरक पडतो. गोदाकाठचे नांदेड 500 मीटरच्या खाली, तिथे वजाबाकी शून्य. बालाघाटच्या पठारावरचे लातूर 500 च्या वर, तिथे 0.4 ग्रॅम. रक्तदानाची 12.5 ची रेघ मात्र दोन्हीकडे सारखीच आहे.

350 मिलिलिटर रक्ताबरोबर सुमारे 150 मिलिग्रॅम लोह शरीराबाहेर जाते. ज्या मुलीजवळ शिल्लकच नाही, तिच्याकडून ते कसे घ्यायचे? म्हणून परत पाठवलेल्या विद्यार्थिनीला आपण नापास समजू नये. तिची तब्येत बिघडते आहे, हे कदाचित त्या थेंबानेच प्रथम सांगितलेले असते. तिला दवाखान्यापर्यंत पोचवणे हे आपले, शिक्षकांचे, काम आहे.