धोनी आऊट झाला आणि सगळे एकदम मागे फिरले

१० जुलै २०१९. ओल्ड ट्रॅफर्ड, मँचेस्टर. पावसामुळे आदल्या दिवशी अर्धवट राहिलेली वर्ल्ड कपची सेमीफायनल. न्यूझीलंडविरुद्ध २४० करायचे होते, जडेजा ७७ करून गेला होता आणि धोनी उभा होता. मग गप्टिलचा तो थ्रो! पुढचं तुम्हाला पाठ आहे, जखमेवर मीठ चोळत नाही. आपण १८ रन्सनी हरलो.

पण आपल्या धंद्यातल्या लोकांसाठी त्या दिवशी दुसरीही एक मॅच चालू होती. हॉटस्टार या मुंबईच्या अॅपवर एकाच वेळी २ कोटी ५३ लाख लोक बघत होते. तोवर जगात एवढं कुणी बघितलं नव्हतं. धोनी गेला आणि हा आकडा काही मिनिटांत धाडकन कोसळला.

इथवर आपण आलो कसे, ते जरा बघू.

१९३४ साली मुंबईच्या क्वाड्रँग्युलरमध्ये बॉबी तल्यारखान रेडिओवर कॉमेंट्री करू लागले. पुढे बाळ ज. पंडितांनी तीच मजा मराठीत आणली. रेडिओचं एक बरं होतं. एक जण ऐको की एक कोटी, ट्रान्समीटरला काहीच फरक पडत नाही. आणि कोण ऐकतंय, हेही त्याला कळत नाही.

१९९३ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या सायमन किंग या ब्रिटिश संशोधकाने क्रिकइन्फो सुरू केलं. अमेरिकेत स्कोअरसाठी तडफडणारी आपली पोरं त्याला येऊन मिळाली आणि फुकटात बॉल-बाय-बॉल टाईप करू लागली. इथून गणित बदललं. नेटवर प्रत्येक प्रेक्षक म्हणजे वेगळं कनेक्शन. प्रेक्षक वाढले की खर्च वाढला.

मग मोबाईल आला, एसेमेसवर स्कोअर आला, आणि त्याबरोबर भांडणही आलं. स्कोअर नक्की कुणाचा? आम्ही हक्क विकत घेतलेत, तर क्रिकबझने आणि मोबाईल कंपन्यांनी तो लगेच विकायचा नाही, असं म्हणत स्टार कोर्टात गेली. ऑगस्ट २०१३ मध्ये दिल्ली हायकोर्टाच्या खंडपीठाने स्टारची मागणी फेटाळली. मैदानात काय घडलं ही माहिती आहे, तिच्यावर कुणाची मालकी नाही. प्रकरण पुढे सुप्रीम कोर्टातही गेलं. पण स्टारने दुसरी वाटही धरली. स्कोअर अडवता येत नसेल तर चित्रच थेट फोनवर द्यायचं! फेब्रुवारी २०१५ मध्ये, वर्ल्ड कपच्या तोंडावर, हॉटस्टार बाजारात आलं.

आता खरी गंमत. आपल्याला वाटतं की लोक आले की लोड येतो. हॉटस्टारच्या इंजिनियर्सनी नंतर जाहीर सांगितलं की लोक जातात तेव्हाही तेवढीच भीती असते. विकेट पडली की माणूस चिडून बॅक बटण दाबतो आणि होमपेजवर येऊन पडतो. व्हिडिओ वाटणारी यंत्रणा वेगळी, होमपेजची वेगळी. दोन कोटी लोक एका दारातून निघून दुसऱ्या दारावर धडकतात.

माथेरानला वीकेंड काढलेल्यांना हे पटकन कळेल. वर येणारे शुक्रवार रात्रीपासून शनिवार दुपारपर्यंत थोडे थोडे येतात. रविवारी चेकआऊट झालं की सगळा बाजार एकदम अमन लॉजकडे सुटतो. आपली मिनी ट्रेन १९०७ सालची, दोन फुटी रुळांवरची. गर्दी दिसली म्हणून स्टेशनमास्तर काही शिट्टी मारून दहा डबे बोलावू शकत नाही. दस्तुरीच्या पुढे तुमची स्वतःची गाडीही चालत नाही. जी काय सोय करायची ती आधीच.

हॉटस्टारने तेच केलं. नवा सर्व्हर उठून कामाला लागेपर्यंत मॅच हातची गेलेली असते, म्हणून नेहमीच्या ऑटोस्केलिंगवर भरवसा न ठेवता किती लोक बघतायत यावर अंदाज बांधून क्षमता आधीच उभी करून ठेवायची. मोठ्या मॅचआधी खोटी गर्दी सोडून तालीम करायची. आणि फारच गळ्याशी आलं तर 'तुमच्यासाठी खास' सारखे लाड बंद करायचे, पण व्हिडिओ चालू ठेवायचा.

ही तालीम कामी आली. २०२३ च्या अहमदाबादच्या फायनलला आकडा ५ कोटी ९० लाखांवर गेला (तीही हरलोच, असो). फेब्रुवारी २०२५ मध्ये हॉटस्टार आणि जिओसिनेमा मिळून जिओहॉटस्टार झालं.

मला यात एक गोष्ट खटकते. रेडिओला आपण कोण ते माहीत नव्हतं. अॅपला आपण कुठल्या बॉलला उठून गेलो तेही कळतं. या माहितीवर सर्व्हर सांभाळता येतात, तसंच उठलेल्या माणसाला नोटिफिकेशन मारमारून परत बसवताही येतं. २०१९ च्या त्या संध्याकाळी कोट्यवधी लोकांना फक्त फोन बंद करून गप्प बसायचं होतं. फॅनसाठी अॅप बनवणाऱ्याने त्याला तेवढं सुखाने जाऊ द्यावं. पुढच्या मॅचला तो येतोच की.