पावणेसहा फुटांचा लाइनबॅकर

‘राहता त्या गावाचा थोडा इतिहास लिहा,’ असं स्मरणिकेच्या संपादक मंडळाने सुचवलं. मी राहते ते शार्लट शहर बँकांसाठी प्रसिद्ध आहे. पण इथल्या फुटबॉल स्टेडियमबाहेर सॅम मिल्सचा पुतळा आहे. त्याच्याविषयी लिहिते, कारण तो काही काळ शाळामास्तर होता.

हा फुटबॉल अमेरिकन, चेंडू हातात घेऊन धावण्याचा. लाइनबॅकर बचावाच्या पहिल्या फळीमागे उभा असतो. समोरच्याचा डाव ओळखायचा आणि चेंडूवाल्याला पाडायचं, हे त्याचं काम. आपल्या कबड्डीतली पकड आठवा.

सॅमचा जन्म १९५९चा, न्यू जर्सीतला. माँटक्लेअर स्टेट या लहान कॉलेजकडून तो उत्तम खेळला, पण उंची जेमतेम पावणेसहा फूट. १९८१मध्ये क्लीव्हलंड ब्राउन्सने आणि पुढच्या वर्षी कॅनडातल्या टोरंटो अर्गोनॉट्सने त्याला हंगामाआधीच वगळलं. मग त्याने ईस्ट ऑरेंजच्या हायस्कूलमध्ये नोकरी धरली. सुतारकाम आणि फोटोग्राफी शिकवायची, शिवाय मुलांचा फुटबॉल संघ तयार करायचा. थोडक्यात, आपले कार्यानुभवाचे सरच.

१९८३मध्ये यूएसएफएल ही नवी लीग निघाली आणि फिलाडेल्फिया स्टार्सने त्याला घेतलं. संघाने १९८४ आणि १९८५ची विजेतेपदं जिंकली. प्रशिक्षक जिम मोरा १९८६मध्ये न्यू ऑर्लिन्स सेंट्सकडे गेले, तेव्हा त्यांनी सॅमलाही सोबत नेलं. १९६७पासून खेळणाऱ्या सेंट्सच्या वाट्याला तोवर पराभवांहून जास्त विजयांचा एकही हंगाम आला नव्हता. तो १९८७मध्ये आला.

१९९५मध्ये शार्लटचा कॅरोलायना पँथर्स हा नवा संघ उतरला. सॅम तेव्हा ३६ वर्षांचा. पहिले पाचही सामने गेले. सहाव्यात, न्यूयॉर्क जेट्सविरुद्ध, सॅमने पास मध्येच हेरला आणि ३६ यार्ड धावत टचडाउन केला. तो पँथर्सचा पहिला विजय. १९९७नंतर तो निवृत्त झाला आणि त्याच संघात लाइनबॅकरांचा प्रशिक्षक झाला.

ऑगस्ट २००३मध्ये त्याला आतड्याचा कर्करोग असल्याचं निदान झालं. डॉक्टरांनी काही महिन्यांचीच मुदत दिली. उपचार घेता घेता तो शिकवत राहिला. जानेवारी २००४मध्ये डॅलसविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्याआधी त्याने खेळाडूंना सांगितलं, की आजार कळल्यावर दोनच वाटा होत्या: सोडून द्यायचं किंवा घाव घालत राहायचं. तो सामना पँथर्सने २९-१० असा जिंकला आणि पुढे सुपर बोलपर्यंत मजल मारली. तिथे मात्र अवघ्या तीन गुणांनी हार झाली. एप्रिल २००५मध्ये, ४५व्या वर्षी, सॅम गेला. ‘कीप पाउंडिंग’ हे त्याचे दोन शब्द आज संघाचं ब्रीद आहेत. २०२२मध्ये हॉल ऑफ फेमनेही त्याला मान दिला.

मी कंपनीत नोकरीच्या मुलाखती घेते. पहिली चाळणी टक्क्यांची असते, कारण टक्के मोजायला सोपे. उंचीचंही तसंच. सॅमला समोरच्याचा डाव आधीच कळायचा, पण ते मोजणारी पट्टी कुणाकडे नव्हती. त्यासाठी त्याला खेळताना पाहावं लागलं. आपल्या सरांनी आणि बाईंनी साठ-साठ मुलांच्या वर्गात एकेकाला तसं पाहिलं. म्हणूनच गुणपत्रिकेत मागे असलेले आपल्यातले कितीतरी जण आज आपापल्या कामात पाय रोवून उभे आहेत.