डफ, संबळ आणि क्रमांक २११.३११ : तालवाद्य ओळखायचे कसे?

१. धुळ्यात पांझरेच्या काठी एकवीरा देवीचे मंदिर आहे. खानदेशातील अनेक घराण्यांची ही कुलदेवता. लग्नकार्यानंतर अशा घरांत गोंधळ घातला जातो, तेव्हा गोंधळ्याच्या कमरेला संबळ बांधलेले असते : एकमेकांना जोडलेली, लहानमोठी, एकतोंडी दोन वाद्ये. जगातील असंख्य तालवाद्यांत त्याचे स्थान कोणते?

२. याचे जुने उत्तर भरताच्या नाट्यशास्त्रात आहे. तेथे वाद्यांचे चार वर्ग सांगितले आहेत : तत, सुषिर, अवनद्ध आणि घन. तारेची ती तत, फुंकीची ती सुषिर, कातडे मढवलेली ती अवनद्ध आणि स्वतःच निनादणारी ती घन. म्हणून ढोल, डफ, संबळ अवनद्ध. टाळ, झांज, घुंगरू घन. त्रिनिदादचा स्टीलपॅन ढोलासारखा बडवला जातो, पण त्याला कातडे नसते, तोही घनच.

३. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव सिंघणाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्याचा सहावा अध्याय वाद्यांनाच वाहिलेला आहे. याच सिंघणाचा ज्योतिषी चांगदेव याने चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला. तेथील शिलालेख त्याची साक्ष देतो. गणित आणि संगीत, दोन्हींच्या शास्त्रीय मांडणीला एकाच दरबाराचा आधार होता.

४. पुढे १८७६ मध्ये कोलकात्याच्या शौरींद्रमोहन टागोरांनी सुमारे शंभर भारतीय वाद्ये बेल्जियमच्या राजाला भेट दिली. ती ब्रुसेल्सच्या वाद्यसंग्रहालयात आली. तेथील अभिरक्षक माहियों यांनी १८८० मध्ये सूची छापली, तीही चार वर्गांची. तिचाच विस्तार करून १९१४ मध्ये होर्नबोस्टेल आणि झाक्स यांनी आज जगभर वापरली जाणारी क्रमांकपद्धती सिद्ध केली.

५. अवनद्ध वाद्य ओळखण्यासाठी आधी दोन प्रश्न विचारावेत. खोडाचा आकार कोणता? कातडे एका तोंडाला की दोन्ही? मधे निमुळते आणि दोन्ही तोंडे मढवलेले असेल, तर ते डमरूच्या कुळातले. पश्चिम आफ्रिकेतील योरुबा लोकांचा ‘बोलका ढोल’ आणि कोरियाचा जांगू याच कुळातले. उथळ कड्यावर एकाच बाजूने कातडे असेल, तर तो डफ.

६. डफाचा क्रमांक २११.३११. मोरोक्कोचा बेंदीर आणि आयर्लंडचा बौरान यांचा क्रमांकही हाच. मुळात ‘डफ’ हा शब्दच अरबी ‘दफ्फ’वरून आला आहे. खानदेशचा शाहीर आणि आयरिश वादक यांच्या हातांत रचनेने एकच वाद्य असते.

७. पण क्रमांक येथेच थांबतो. याच डफावर कलगी आणि तुरा या पक्षांचे शाहीर रात्र-रात्र सवालजवाब करीत, हे तो सांगत नाही. १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात असलेल्या सातपुड्यातील काठीच्या होळीत आदिवासी ढोल घुमतात. त्यांतला एखादा ढोल संग्रहालयात ठेवून त्याखाली केवळ ‘ढोल’ असे लिहिले, तर ती पाटी चुकीची नसते, अपुरी असते. वाजवणारा समाज, वाजवण्याचा प्रसंग आणि गावातले नाव, या तीन गोष्टी नोंदवल्या तरच वाद्याची ओळख पूर्ण होते. लाकूड आणि कातडे कपाटात टिकते; या तीन गोष्टी मात्र जाणकार हयात आहेत तोवरच विचारून घेता येतात.