आढ्यापलीकडचं पाणी

साल १९१०, वैशाख. खोपोलीजवळ पाताळगंगेच्या पात्रात तुम्ही अनवाणी उभे आहात. गोटे चटके देतायत. वाहतं पाणी नाही. उरलंय ते डोहांत. एका डोहावर ओणवे व्हा. खडकाला तोंड चिकटवून मळ्या बसलाय. कडेला मिशाळ शिंगट्या. गाळातून मरळ वर येते, हवेचा घोट घेते आणि पुन्हा दिसेनाशी होते. मळ्याचं नाव ध्यानात ठेवा. कर्नल साइक्सने १८३९ साली दख्खनच्या माशांची वर्णनं छापली, तेव्हा लोकांच्या तोंडचं हेच नाव त्याने शास्त्राच्या दप्तरात नेलं : मुल्ल्या.

आता मान वर करा. समोर बोरघाट. कौलारू घरात वाढलेल्या माणसाला हा डोंगर समजावून सांगावा लागत नाही. घाटमाथा म्हणजे आढं. अलीकडे पडलेला थेंब या पाख्यावरून पाताळगंगेत, धरमतरच्या खाडीत, अरबी समुद्रात. चार पावलं पलीकडे पडला, तर इंद्रायणी, भीमा, कृष्णा, आणि थेट बंगालचा उपसागर. काही मासे दोन्हीकडे आहेत. पण पुष्कळ असे, ज्यांनी आढं कधी ओलांडलं नाही.

पाच वर्षं पुढे या. फेब्रुवारी १९१५. डोंगराच्या अंगावरून लोखंडी नळ उतरलेत. सतराशे फुटांहून अधिक उंचीवरून पाणी कोसळतं, खालच्या वीजघरातली चाकं फिरवतं, आणि मुंबईच्या गिरण्यांना वीज जाते. तुम्ही मात्र वीजघराच्या मागे या, जिथून पाणी बाहेर पडतं. ओंजळ भरा. हे इंद्रायणीच्या खोऱ्यातलं पाणी. वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही असं आपण म्हणतो. इथे आढ्यापलीकडचं पाणी अलीकडच्या वळचणीला आलंय. १९२२ साली भिवपुरीलाही हेच झालं. ठोकरवाडी धरणाचं पाणी उल्हासात उतरलं. पुढे राजनाला कालव्याने तेच पाणी कर्जतच्या शेतांत नेलं, आणि उन्हाळ्यातही भात उभा राहिला. त्या भाताचा घास तुमच्या ताटात आहे. त्याला मी नावं ठेवणार नाही. पण लाखो वर्षं बंद असलेल्या जागी माणसाने दार पाडलं, हेही खरंच आहे.

दार कुठे उघडतं ते पाहायचं असेल, तर १९७० च्या दशकात घाट चढून लोणावळ्याला चला. वळवण तलावाशी टाटांचं मत्स्यबीज केंद्र आहे. माणसं महासीरच्या मादीच्या पोटावरून हलक्या हाताने बोटं फिरवतायत, आणि परातीत सोनेरी अंडी पडतायत. हा निळसर परांचा दख्खनी महासीर. साइक्सने याचंही नाव खुद्री असंच लिहिलं होतं. धरणांनी आणि सुरुंगांनी हा मासा खलास होत चालला होता. या माणसांनी तो वाचवला. त्यांच्या हातांतली माया तुम्हाला दिसतेय, आणि ती खरी आहे.

त्या पिल्लांची खेप कावेरीत सुटते. तुम्हीही तिच्यामागे जा. कावेरीत आधीपासूनच एक महासीर होता : पाठीवर वशिंड, नारिंगी पर, माणसाएवढा. वर्षं भराभर जाऊ द्या. निळे पर वाढत जातात, नारिंगी विरळ होतात. अखेर २०१८ साली शास्त्रज्ञ त्या वशिंडवाल्याचं नाव निश्चित करतात, टॉर रेमादेवी, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरतो. ओळख पटली तेव्हा मासा जायला निघाला होता. मला हे फार लागतं. आपल्या डोंगरातला, आपण जिवापाड जपलेला मासा दुसऱ्या नदीत घुसखोर ठरला.

आता पाताळगंगेवर स्वार होऊन खाली चला. खाडी, मग मुंबई बंदर. जहाजाच्या बुडाला हात लावा. मध्य अमेरिकेच्या किनाऱ्यावरची काळ्या पट्ट्यांची शिंपली अशाच बुडांना चिकटून १९७० च्या दशकात या गोद्यांपर्यंत आली होती. जहाज उत्तरेला वळवा. वर्ष १९९९. लॅब्रॅडॉरच्या समुद्रात काचेच्या कवचाची एक सूक्ष्म वनस्पती सापडते. ती प्रशांत महासागरातली. अटलांटिकच्या या भागातून आठ लाख वर्षांपूर्वी नाहीशी झालेली. उत्तर ध्रुवाजवळचं बर्फ विरळलं आणि ती त्या वाटेने पलीकडे पोचली. तिथलं आढं बर्फाचं होतं. घाटाला दार पाडायला सुरुंग लागले. बर्फाला ऊब पुरली. दक्षिणेला २०१९ साली किंग जॉर्ज बेटाच्या किनाऱ्याशी पाणबुड्यांना शिनाण्याच्या कुळातली चिमुकली शिंपली दिसली. अंटार्क्टिकाच्या गार पाण्यात ती आधी कधी वसलेली दिसली नव्हती. जहाजं तिथे पूर्वीही जात. आता पाणीही आत घेऊ लागलंय की काय.

परत या. कर्जत, जूनची रात्र. साल पुढचं कुठलंही धरा. पहिला मोठा पाऊस झालाय, ओढे फुगलेत आणि वलगणीचे मासे शेतांकडे चढतायत. बॅटऱ्या हलतायत, चिखलात पोरं घसरतायत. तुमच्या हातात पाग आहे. तो ओढताच दोन मासे उडतात. एक रुंद, काळपट. तोंड घट्ट मिटलेलं. तिलापिया. हा आफ्रिकेचा मासा १९५२ साली भारतात आणला गेला. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, म्हणून ती सहसा वाया जात नाहीत. दुसरा मळ्या. बॅटरी जवळ धरा. पोट गच्च आहे, गाभोळीने भरलंय. शेजारची म्हातारी म्हणते, "वलगणीतली गाभोळीची खायला गोड असते रे."

तिलापिया टोपलीत जातो. मळ्याला तुम्ही दोन्ही हातांत धरून पाण्यात बुडवता, तोंड वरच्या प्रवाहाकडे करून. क्षणभर तो हलत नाही. मग बोटांतून निसटतो.